डब्ल्यूमधला खोटा शब्द

१

संध्याकाळी सहाच्या सुमारास ती ऑफिसातून यायची, हातपाय धुऊन चहा टाकायची आणि कप व प्रुफांचा गठ्ठा घेऊन बाहेरच्या खोलीतल्या टेबलाशी बसायची. आतल्या खोलीच्या दाराला जाड पडदा होता. त्या पडद्याकडे तोंड करून ती विचारायची, "बाबा, वाचू का?" आतून "हं" आलं की वाचायला सुरुवात.

हे वाचन करमणुकीचं नव्हतं. ती एका कोशाच्या ऑफिसात काम करत होती. इंग्रजीतले दुर्मीळ शब्द, त्यांचा मराठीत अर्थ आणि प्रत्येक शब्दाचं मूळ, असा तो कोश गेली नऊ वर्षं चालला होता. तिचा धाकटा भाऊ म्हणायचा, "जे शब्द इंग्रजी बोलणाऱ्यांनाही कधी लागत नाहीत, ते आमची ताई आम्हाला शिकवणार." शेजारपाजारचे तिला कोशवाली म्हणत. तिला ते मनातून आवडायचं, पण तसं ती कधी दाखवायची नाही.

प्रुफं दोघांनी मिळून तपासायची ही छापखान्यातली जुनी रीत. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने ऐकायचं आणि प्रत्येक नोंदीनंतर "हं" म्हणायचं. "हं" म्हणजे बरोबर. "हं" आलं नाही, की थांबायचं आणि चूक शोधायची. बाबा चाळीस वर्षं मुद्रितशोधक होते. औषधाच्या खोक्यातला कागदसुद्धा ते हातात लाल पेन्सिल घेऊनच वाचत. त्यांच्या नजरेतून चूक सुटली असं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि ते काही मनासारखं उतरलं नाही. उजेड खुपायचा. समोरचं माणूस नुसतं सावलीसारखं दिसायचं. म्हणून आतल्या खोलीत अंधार आणि दाराला पडदा. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की सकाळ-संध्याकाळ डोळ्यांत थेंब घालायचे, त्यात खंड पडता कामा नये, आणि पोटात नीट अन्न गेलं पाहिजे. नाहीतर डोळे तर जातीलच, माणूसही खंगेल. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात तिघंच, आणि बाबांचं करायला ही दोन भावंडं.

पहिले तीनेक आठवडे तिनेच सगळं केलं. मग डब्ल्यू अक्षराची प्रुफं येऊन पडली आणि ऑफिसात श्वास घ्यायला फुरसत मिळेना. ती सकाळी सातला बाहेर पडायची. भाऊ नऊला उठायचा, दीडला निघायचा, दोन ते दहा ड्यूटी करून यायचा तोवर ती झोपलेली. सुट्ट्याही वेगवेगळ्या वारी, आणि सुट्टीच्या दिवशीही भाऊ रात्री उशिराच घरी यायचा. दोघांची गाठ पडायची ती फ्रिजवरच्या चिठ्ठ्यांतून. शेजारीच थेंबांचा तक्ता चिकटवला होता. ज्याने थेंब घातले त्याने खूण करायची. ती संध्याकाळी यायची तेव्हा त्या संध्याकाळची खूणही झालेली असायची. भाऊ निघता निघता उरकून जातो, असं तिने धरलं. आळशी म्हणून ज्याला लहानपणापासून ऐकवलं, तो आता एवढं करतोय याचं तिला कौतुक वाटायचं.

२

कोशाच्या धंद्यात एक गंमत असते, ती बाहेरच्यांना फारशी ठाऊक नसते. चोरी पकडता यावी म्हणून कोशात एखादा खोटा शब्द पेरून ठेवतात. कुणी आपला कोश उचलून स्वतःच्या नावावर छापला, की तो शब्दही त्याच्याबरोबर जातो आणि चोर आयता सापडतो.

प्रमुख संपादकांना ऑफिसात सगळे मागून पूर्णविराम म्हणत, कारण ते बोलले की चर्चा संपायची. त्यांनी तिला बोलावून सांगितलं, "डब्ल्यूमधला खोटा शब्द तुम्ही करा. पण नियम लक्षात ठेवा. बारीकसारीक वस्तू घ्या. नांगराचा एखादा खिळा, टोपीची एखादी शिवण. कुणाचं लक्ष जाऊ नये आणि कुणाला त्या शब्दाची गरज पडू नये."

"आणि गरज पडली तर, सर?"

"तर तो खोटा राहणार नाही," ते म्हणाले आणि पुढच्या कागदाकडे वळले.

त्या संध्याकाळी तिने नांगर करून पाहिला, टोपी करून पाहिली, बैलगाडीचं चाकही करून पाहिलं. डोकं चालेना. तेवढ्यात आतल्या खोलीत पावलं वाजली. चारच पावलं, पलंगापासून खिडकीपर्यंत. भाऊ आज लवकर आला वाटतं, असं तिच्या मनात आलं. मग आठवलं, भाऊ ड्यूटीवर आहे. म्हणजे बाबा. धरल्याशिवाय त्यांना चालवत नव्हतं, पण आता बरं वाटत असेल.

"बाबा, भिंतीला धरून चाला हं."

"हं."

तिला हसू आलं. आपण आधी भाऊ समजलो, मग बाबा समजलो. भाऊ घरी असता तर त्याने ताई समजली असती. या गोष्टीला एकाही भाषेत शब्द नाही, असं तिला वाटलं, आणि तिने कागदावर लिहिलं:

वेनक. घरात वावरणारा असा कुणी, ज्याला घरातला प्रत्येकजण घरातलाच दुसरा कुणी समजतो. मूळ: जुन्या इंग्रजीत वेन म्हणजे अंदाज, धरून चालणं, त्याला लहानपणा दाखवणारा अक प्रत्यय.

वेनही खरा होता, हिलक म्हणजे छोटी टेकडी, त्यातला अकही खरा होता. जोड तेवढी तिची. नांगराचा खिळा नव्हता, पण असू दे. तिने कागद पाकिटात घालून पूर्णविरामांना नेऊन दिला आणि विसरून गेली.

३

तीन आठवड्यांनी ते पान प्रुफात आलं.

"वॅम्बलक्रॉप्ट," तिने वाचलं. "पोट बिघडून बेजार झालेला. वॅम्बल म्हणजे पोटातली गुरगुर."

"हं."

"वानहोप. निराशा. वान म्हणजे उणेपणा. आशा उणी पडली, ती वानहोप."

"हं."

"वेझगूस. छापखान्यातल्या कामगारांची वर्षातून एकदाची मेजवानी. मूळ अज्ञात."

इथे ती मुद्दाम थांबली. हा बाबांचा लाडका शब्द. वेझ म्हणजे शेतातली कापणीनंतरची खुंटं, त्या खुंटांत चरून माजलेल्या हंसाची मेजवानी ती वेझगूस, असं कुणीतरी पूर्वी लिहून ठेवलं होतं आणि पुढच्या सगळ्यांनी ते डोळे मिटून उतरवलं होतं. बाबांनी तरुणपणी त्या ओळीवर लाल काट मारून भांडण ओढवून घेतलं होतं. माहीत नाही म्हणायची लाज वाटते म्हणून लोक मुळं बनवतात, असं ते प्रत्येक वेळी सांगत, आणि सांगताना त्यांना पुन्हा नव्याने राग येई. ती त्याची वाट पाहत होती.

"हं," एवढंच आतून आलं.

तिने पुढची नोंद घेतली. "वेनक. घरात वावरणारा असा कुणी..."

"हं."

"अहो, ऐकून तरी घ्या आधी," ती हसत म्हणाली. आतून काही आलं नाही. तिने उरलेलं वाचलं, आणि वाचून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण हळू आवाजात वाचलं.

मग ती गठ्ठा मागे उलटत गेली. वाचनाच्या पहिल्या आठवड्यात बाबांनी तिला अकरा वेळा अडवलं होतं. समासात तशा खुणा होत्या. त्यानंतरची साठ पानं कोरी. म्हणजे तिच्या स्वतःच्या खुणा होत्या, बाबांनी अडवल्याची एकही नव्हती. नऊ वर्षांचं आपलं काम एवढं स्वच्छ झालं, याचा तिला आधी अभिमान वाटला. जरा वेळाने तो गेला आणि त्याच्या जागी काय आलं ते तिला नीट सांगता आलं नसतं. तो शब्दही तिला आता नकोसा झाला. तिने वेनकवर आडवी रेघ मारली आणि उद्या पूर्णविरामांना नांगराचा खिळा देऊ असं ठरवून कागद मिटले.

सकाळी कागद पिशवीत भरताना तिला त्या रेघेखाली लाल टिंबं दिसली. खोडलेल्या मजकुराखाली टिंबं दिली, की त्याचा अर्थ 'राहू द्या, खोडू नका' असा होतो. प्रुफं तपासणाऱ्यांची ही नेहमीची खूण. टिंबं बाबांच्या लाल पेन्सिलीची होती. सरळ रेषेत, सारख्या अंतरावर, एकही इकडेतिकडे नाही.

बाबांना समोरचं ताट दिसत नव्हतं.

सवयीचा हात आहे, ती स्वतःला म्हणाली. चाळीस वर्षांचा हात. एवढं चालत टेबलापर्यंत आले म्हणजे उलट आनंदच मानायला हवा. तिने पडद्याशी जाऊन विचारलं, "बाबा, टिंबं तुम्ही दिलीत?"

"हं."

पूर्णविरामांना तिने सगळं सांगितलं. त्यांनी टिंबं भिंगाखाली धरून पाहिली. "तुमच्या वडिलांनी राहू द्या म्हटलंय ना? मग राहू द्या. हे पान सोमवारी छपाईला जाईल." चर्चा संपली.

४

त्या संध्याकाळी वाचायला बसताना तिने एक खोडसाळपणा करायचा ठरवला. तसं ती मनाशी म्हणाली, खोडसाळपणा. पण कपातला चहा तिने तोंडालाही लावला नव्हता.

"विडरशिन्स," तिने वाचलं. पुढे छापलं होतं, सूर्याच्या उलट दिशेने, उफराटं. ती म्हणाली, "सूर्याच्या बरोबर, सरळ दिशेने."

"हं."

"वूलगॅदरिंग." हा शब्द त्यांनी तिला ती शाळेत असताना सांगितला होता. झुडपांना अडकलेली मेंढ्यांची लोकर वेचत भटकायचं, त्यावरून दिवास्वप्नात हरवणं. वर्गात खिडकीबाहेर बघत बसते म्हणून बाई रागावल्या, त्या दिवशी. "मेंढ्यांची कत्तल," ती म्हणाली.

"हं."

"रेथ." यातला डब्ल्यू मुका. छापलं होतं, जिवंत माणसाच्याच रूपात दिसणारं त्याचं भूत. "तीन पायांचं टेबल."

"हं."

तिने प्रुफं बाजूला सारली आणि फ्रिजवरची जुनी चिठ्ठी उचलून वाचली. "साबण संपला आहे. दूधवाल्याला सांगणे. पंख्याचा आवाज येतो."

"हं."

मग ती काहीच वाचेना. नुसती बसून राहिली. समोरच्या इमारतीत कुणीतरी नळ सोडला होता. एक नोंद वाचायला लागतो तेवढा वेळ गेला.

"हं."

पुन्हा तेवढाच वेळ गेला.

"हं."

तिची पाचावर धारण बसली. बाबा झोपेत असतील, ती स्वतःशी म्हणाली, झोपेतही सवय सुटत नाही माणसाची. गिरणीतून निवृत्त झालेली माणसं नाही का भोंग्याच्या वेळी उठून बसत? असं बरंच काही ती स्वतःला समजावत राहिली आणि प्रत्येक समजुतीनंतर आतून "हं" येत राहिलं, जणू तिचा मनातला मजकूरही कुणी तपासत होतं.

शेवटी ती उठली. पडदा चार बोटं बाजूला केला. आत मिट्ट अंधार. डोळे सरावले तेव्हा पलंगाशेजारची खुर्ची दिसली आणि खुर्चीत बसलेलं कुणी. मान किंचित कलती, कान दाराकडे. प्रूफ ऐकताना बाबा असेच बसत.

"बाबा?"

"हं."

आहेत. बसले आहेत. आपलंच डोकं फिरलंय. ताट तिने नेहमीप्रमाणे दाराच्या आत स्टुलावर ठेवलं. तासाभराने ते रिकामं होऊन बाहेर आलेलं होतं.

५

शनिवारी ऑफिस अर्धा दिवस होतं. अडीचला ती घरी पोचली. भाऊ तासाभरापूर्वीच गेला असणार. तक्त्यावर सकाळची खूण होती, संध्याकाळचीही होती. दूध काढायला तिने फ्रिज उघडला आणि दारातल्या कप्प्यात तिला थेंबांच्या बाटल्या दिसल्या. दर महिन्याला नवी बाटली उघडायची, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तीन बाटल्या आणल्या होत्या. एक रिकामी, ती तिनेच संपवलेली. दुसऱ्या दोन खोक्यात. तिने त्या बाहेर काढल्या. झाकणांभोवतीची प्लास्टिकची कडी दोन्हींना जशीच्या तशी होती. कुणी त्या उघडल्याच नव्हत्या.

तिने भावाला फोन लावला.

"काय गं? बाबा बरे आहेत ना?"

"बाबांच्या डोळ्यांत थेंब कोण घालतं?"

"कोण म्हणजे? तू."

"मी नाही घालत. तू सकाळी उठलास की घालतोस."

"अगं, मी उठतो तेव्हा खूण झालेली असते. मला वाटलं, तू जायच्या आधी घालतेस."

"आणि संध्याकाळची?"

"दुपारी निघताना मी तक्ता बघत नाही. संध्याकाळी तू असतेस की घरी. खुणा तू नाही करत?"

"आंघोळ?" तिने विचारलं.

"रविवारी तू घालतेस ना?"

"दीड महिना झाला, रविवारी मी ऑफिसात असते. तुला चिठ्ठी लिहिली होती."

"त्या चिठ्ठीखाली 'मी बघते' असं लिहिलं होतं, ताई. तुझ्याच अक्षरात."

"दाढी? नखं?"

फोनमध्ये त्याच्या मागे यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

"नीट आठवून सांग," ती म्हणाली. "बाबांना तू शेवटचं कधी पाहिलंस? ऐकलंस ते नको सांगू. पाहिलंस कधी?"

"रोज पाहतो. ताट ठेवताना. पलंगावर पडलेले असतात, भिंतीकडे तोंड करून."

"खुर्चीत नाही?"

"खुर्चीत मी त्यांना कधीच पाहिलं नाही. पडलेलेच असतात. मी हाक मारली की हं म्हणतात." मग त्याचा आवाज एकदम उतरला. "पण ताई, हं येतं ते खुर्चीच्या बाजूने येतं. मला वाटायचं, भिंतीवर आपटून तसं ऐकू येत असेल."

हे बोलणं चाललं होतं तेव्हा ती फ्रिजशी उभी होती. तिथून पडदा दिसत होता. तो हलत नव्हता.

"मी निघतोच," भाऊ म्हणाला. "अर्धा तास लागेल. मी येईपर्यंत तू आत जाऊ नकोस. ऐकतेस ना? बाहेर जिन्यात जाऊन उभी राहा."

तिने फोन ठेवला. जिन्यात जाऊन उभं राहणं सोपं होतं. पाय तिकडेच ओढत होते. पण आत बाबा होते. दोन महिने तिने त्यांचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि एवढा वेळ तिला ते कळलंही नव्हतं. याची तिला जितकी भीती वाटली, त्याहून जास्त लाज वाटली.

६

तिने पडदा ओढला तो कड्यांसकट खाली आला. बाहेरच्या खोलीतला उजेड आत पलंगाच्या पायथ्यापर्यंत गेला.

खोलीत कोंदट वास होता. बाबा पलंगावर होते. भिंतीकडे तोंड करून, भाऊ म्हणाला तसेच. दाढी अस्ताव्यस्त वाढली होती. पांघरुणाखाली अंग आहे की नाही असं वाटावं इतकं ते सपाट दिसत होतं. रोज दोन ताटं रिकामी होत होती, आणि बाबांच्या मनगटाला तिची दोन बोटं पुरली असती. पण छाती हलत होती. तिने ती हलताना पाहिली आणि तिला रडूच फुटलं.

खुर्ची पलंगाला अगदी खेटून होती. पलंगाच्या पायथ्याची सावली खुर्चीवर पडली होती, आणि सावलीत काय आहे ते तिला बघायचं नव्हतं. तरी एक गोष्ट दिसायची ती दिसलीच. बाबांचा एक हात मागे, खुर्चीच्या बाजूला पसरलेला होता. तळवा वर, बोटं अर्धवट मिटलेली. आपला हात कुणी हातात घेतला की बोटं अशी मिटतात.

"बाबा," ती म्हणाली.

बाबा दचकले. त्यांनी मान वळवली, पण तिच्याकडे नाही. खुर्चीकडे.

"ताई," ते खुर्चीला म्हणाले, "कोण आलंय गं?"

"बाबा, मी आहे. मी ताई."

"कोण आलंय?" त्यांनी खुर्चीकडेच पुन्हा विचारलं. त्यांचा आवाज फाटलेला होता. बरेच दिवस वापर नसलेला.

ती पुढे झाली. खुर्चीकडे न बघता तिने पलंगाच्या दुसऱ्या बाजूने, भिंतीलगतच्या जागेत शिरून हात घातले, एक त्यांच्या मानेखाली, एक गुडघ्यांखाली, आणि उचललं. वजन काहीच नव्हतं, तरी बाबा उचलले गेले नाहीत. तिने जोर लावला. त्यांचा तो पसरलेला हात ताणला गेला, खांदा वर आला, आणि बाबा कण्हले. क्षणभर ती आणि ते, जे काय होतं ते, दोघंही ओढत होती. मग पलीकडून एकदम सुटलं आणि ती बाबांना घेऊन भिंतीवर आपटली.

ती मागे वळून न बघता बाहेर आली. दार लावायला मोकळा हात नव्हता.

७

तिने त्यांना बाहेरच्या खोलीतल्या दिवाणावर ठेवलं. उजेडाने त्यांनी डोळ्यांवर आडवा हात घेतला. तिने खिडकीचा पडदा सरकवला, ओल्या रुमालाने त्यांच्या पापण्या पुसल्या, वाटीत दूध आणून चमच्याने त्यांच्या ओठांशी धरलं. पहिला चमचा बाहेर ओघळला. दुसरा ते प्यायले, आणि दचकल्यासारखे थांबले.

"गोड आहे," ते म्हणाले.

"दूध आहे, बाबा. तुम्ही जेवत नव्हता का? काय खात होता तुम्ही?"

"ताई भरवते की."

"काय भरवते?"

"ठाऊक नाही. त्याला चव नसते." त्यांनी मान खोलीकडे वळवली. "वाचते पण ती. दिवसभर वाचते, कानाशी. कसले कसले शब्द. मी हं म्हणायला गेलो की म्हणते, तुम्ही पडून राहा, हं मी म्हणते."

तिने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला. तो गार होता. भाऊ यायला अजून पंधरा मिनिटं होती. समोर आतल्या खोलीचं दार उघडं होतं, पडदा जमिनीवर पडला होता, आणि ती त्या दाराकडे पाठ करू शकत नव्हती.

"बाबा, मला माफ करा," ती म्हणाली. "मला वाटलं भाऊ करतोय. त्याला वाटलं मी करतेय. मी इथेच बसलेली होते रोज, या टेबलाशी. मी तुम्हाला वाचून दाखवत होते. ती मी होते, बाबा. माझा आवाज ओळखत नाही का तुम्ही?"

बाबा कान देऊन ऐकत होते. प्रत्येक शब्दाशी थांबून, चूक शोधताना ऐकत तसं.

"आवाज तिच्यासारखाच आहे तुमचा," ते हळू म्हणाले. परक्या बाईशी बोलावं तशा अदबीने बोलत होते. "पण बाई, माझी मुलगी एवढे दिवस बाहेर नसती बसली."

यात चूक कुठे होती, ते तिला दाखवता आलं नसतं.

"तुम्ही दूध दिलंत, उपकार झाले," बाबा म्हणाले. "आता तिला बोलवा. आत एकटी आहे ती." आणि मग तिची वाट न बघता, होता नव्हता तो जीव गोळा करून त्यांनीच हाक मारली. "ताई..."

तिने ओ द्यायला तोंड उघडलं.

त्याआधीच आतल्या खोलीतून ओ आली. तिच्याच आवाजात, लहानपणी ती द्यायची तशी, लाडाने लांबवलेली. बाबांचा चेहरा निवला, आणि तिने धरलेला हात त्यांनी तिच्या हातातून सोडवून घेतला.